दुसऱ्याच्या छपरावरचा बर्फ

जपानचा हिवाळा एक नसून दोन आहेत, आणि प्रवाशाने त्यांतला कोणता पाहिला हे त्याने डोंगराच्या कोणत्या अंगाला मुक्काम केला यावर ठरते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सायबेरियावर थंड आणि जड हवा साचून उच्च दाबाचे क्षेत्र तयार होते. तिथून निघालेले कोरडे वायव्य वारे जपानचा समुद्र ओलांडताना त्सुशिमा या उष्ण सागरी प्रवाहावरून बाष्प उचलतात, होन्शू बेटाच्या कण्यासारख्या डोंगररांगांना अडतात, वर चढून निवतात आणि पश्चिमेच्या उतारावर आपले सगळे ओझे बर्फाच्या रूपाने टाकतात. रांगेच्या पूर्वेला तेच वारे रिकामे होऊन उतरतात, त्यामुळे जानेवारीतले तोक्यो बहुतेक दिवस निरभ्र, उन्हाचे आणि ओठ फुटावेत इतके शुष्क असते. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या वाचकाला ही रचना चटकन उमगते, कारण कोकणात कोसळून देशावर कोरडा पडणारा नैर्ऋत्य मोसमी वारा याच न्यायाने वागतो. मात्र कोकणातला पाऊस ओढ्यानाल्यांनी समुद्राला मिळतो, तर जपानच्या पश्चिम अंगावर जे कोसळते ते तिथेच साचून राहते आणि कोणालातरी ते हाताने उचलावे लागते.

या बर्फाळ मुलखाला जपानी भाषेत ‘युकिगुनी’ म्हणतात. ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘कुनि’ म्हणजे देश किंवा मुलूख. हा शब्द केवळ काव्यातला नव्हे, कारण १९६२ सालच्या एका विशेष कायद्यान्वये अतिहिमवृष्टीचे प्रदेश नेमून दिलेले आहेत आणि त्यांत जपानचे निम्म्याहून किंचित अधिक क्षेत्रफळ येते, लोकसंख्या मात्र जेमतेम १५ टक्क्यांच्या घरात येते. म्हणजे ज्या मुलखाची छायाचित्रे पाहून परदेशी माणूस हिवाळ्याचे तिकीट काढतो, तो मुलूख बहुसंख्य जपानी लोकांच्याही रोजच्या जगण्यातला नसतो. प्रस्तुत वाद या मुलखाविषयी, आणि त्यातून एकट्याने जाणाऱ्या माणसाला नेमके काय दिसते याविषयी आहे.

वादाचा पहिला पक्ष पुण्यातील एका प्रवाशाचा असून तो जानेवारीच्या मध्यापासून तीन आठवडे, सहल कंपनीशिवाय आणि सोबतीशिवाय, तोक्योहून निइगाता, आकिता, आओमोरी या वाटेने होक्काइदो बेटावरील आबाशिरीपर्यंत जाऊन आलेला आहे. दुसरा पक्ष त्याला जपानी शिकवणाऱ्या बाईंचा असून त्यांनी निइगाता प्रांतात काही हिवाळे काढलेले आहेत. पुण्यात जपानी शिकणारे विद्यार्थी आपल्या शिक्षकांना ‘सेन्सेइ’ म्हणजे गुरुजी किंवा बाई अशी हाक मारतात, तोच शब्द इथे ठेवला आहे. प्रवाशाचे म्हणणे असे की हिवाळ्यात आणि एकट्याने पाहिलेला जपान हाच नीट पाहिलेला जपान; सेन्सेइंचे म्हणणे असे की हिवाळ्यात एकट्याने फिरणाऱ्याला त्या देशातले सर्वांत थोडे दिसते आणि जे दिसते तेही बरेचदा उलटे दिसते.

प्रवाशाने आपली बाजू मोसमापासून मांडायला घेतली. चेरीच्या बहरात आणि शरदातल्या लाल पानांच्या दिवसांत क्योतोची देवळे माणसांच्या पाठींआड जातात, तर जानेवारीत नववर्षाची सुट्टी संपली की तीच आवारे मोकळी होतात आणि देवळातल्या पोराच्या खराट्याचा आवाजही ऐकू येतो, हा त्याचा पहिला मुद्दा होता. दुसरा मुद्दा एकटेपणाचा होता आणि त्यावर त्याचा अधिक जीव होता. “सेन्सेइ, आपल्याकडे एकटा माणूस खानावळीत शिरला की वेटर आधी विचारतो, ‘अजून कोण यायचंय?’ तिथे एक बोट वर केले की काम झाले. स्वयंपाक्याकडे तोंड करून बसायची लांब फळी, तिच्यावर एका माणसापुरती जागा, समोर वाफाळता कटोरा. कोणी कीव करत नाही आणि कोणी चौकशीही करत नाही. रस्त्यावरच्या यंत्रात नाणी टाकली की लाल पट्टीखालचा मक्याच्या सुपाचा डबा इतका गरम बाहेर येतो की तो आधी हातमोज्यांत धरून ठेवावा आणि मग प्यावा. एकट्या माणसाचा इतका विचार दुसऱ्या कोणत्या देशाने केला आहे?” आकिता आणि आओमोरी यांना समुद्राच्या कडेने जोडणाऱ्या गोनो मार्गावर त्याने डिझेलच्या छोट्या गाडीतून प्रवास केला होता, डब्यातली ऊब टिकावी म्हणून तिचे दार प्रवाशाने स्वतः बटण दाबून उघडायचे असते, चालक हाच तिकीट तपासनीसही असतो, आणि खिडकीबाहेर काळ्या समुद्रावर आडवा बर्फ पडत असताना डब्यात तो आणि चालक एवढीच माणसे होती. हा प्रसंग त्याने आपल्या संपूर्ण प्रवासाचा कळस म्हणून सांगितला.

सेन्सेइंनी नेमका तोच प्रसंग उचलला. अशा गाडीला जपानीत ‘वानमान’ म्हणतात, आणि इंग्रजीतून उचललेल्या या शब्दाचा अर्थ ‘एकच कर्मचारी असलेली गाडी’ असा आहे. गावे म्हातारी झाली, शाळा मिटल्या, उतारू उरले नाहीत, तेव्हा खर्च कापण्यासाठी रेल्वेने गार्ड काढला, मग स्थानकावरचा माणूस काढला आणि शेवटी डबे काढले. “तुम्हांला डबा रिकामा मिळाला याचा आनंद झाला, पण तो तुमच्यासाठी रिकामा ठेवलेला नव्हता. त्यात बसायला माणसे उरलेली नाहीत म्हणून तो रिकामा होता,” असे त्या म्हणाल्या, आणि एकटेपणाची सोय व एकाकीपणाचा परिणाम या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, हे त्यांनी पुढे जोडले. ‘ओहितोरिसामा’ हा शब्दही त्यांनी इथेच समजावून दिला. मुळात उपाहारगृहात एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाला उद्देशून वापरायचा हा आदरार्थी शब्द पुढे एकट्याने राहणाऱ्या आणि एकट्याने मजा करणाऱ्या माणसाचे नाव झाला. उएनो चिझुको या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००७ साली एकटेपणीच्या म्हातारपणावर लिहिलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात तो होता आणि ते पुस्तक घरोघरी वाचले गेले. २०२० च्या जनगणनेत जपानमधील सुमारे ३८ टक्के कुटुंबे एका माणसाची निघाली. एका माणसापुरती फळी आणि एका माणसापुरता डबा यांच्यामागे हा आकडा आहे, आणि त्यांतले बरेच जण हौसेने एकटे राहिलेले नाहीत.

प्रवाशाला हे मान्य होते, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नव्हता. रिकामा डबा हे दुःखाचे चिन्ह असेल, तर तो कोणी येऊन पाहिलाच पाहिजे, आणि त्यात बसून तिकिटाचे पैसेही दिले पाहिजेत, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याने तादामी मार्गाचे उदाहरण दिले. फुकुशिमा प्रांतातील डोंगरांतून निइगाताकडे जाणारा हा मार्ग जुलै २०११ च्या अतिवृष्टीत पूल वाहून गेल्याने तुटला. उतारू इतके थोडे होते की तो कायमचा बंद करून बस चालवणे हिशेबाला धरून होते, तरीही प्रांताने तुटलेल्या टप्प्यावरच्या रुळांची आणि पुलांची मालकी व देखभाल स्वतःकडे घेतली, गाड्या रेल्वे कंपनीने चालवायच्या असे ठरले, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी अकरा वर्षांनी संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू झाला. बर्फाने भरलेल्या दरीवरच्या त्या पुलांचे छायाचित्र काढायला जगभरातून माणसे येतात, ही गोष्ट या निर्णयाच्या हिशेबात होती. सेन्सेइंनी यावर वाद घातला नाही. फक्त, त्या मार्गावरचे बरेचसे छायाचित्रकार गाडीत न बसता मोटारीने येऊन टेकडीवर उभे राहतात, एवढी नोंद केली. ही नोंद खरी असल्यामुळे प्रवाशाला हसू आले.

वादाला खरी धार आली ती एका छायाचित्रावरून. तोक्योहून शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने निघाल्यावर सव्वा तासाच्या आसपास एचिगो-युझावा येते. वाटेत २२ किलोमीटरांचा दाइशिमिझु बोगदा लागतो, त्याच्या अलीकडे उन्हात वाळलेली शेते असतात आणि पलीकडे घरे खिडक्यांपर्यंत पुरलेली असतात. या डोंगराखालचा पहिला, ९.७ किलोमीटरांचा शिमिझु बोगदा १९३१ साली उघडला आणि कावाबाता यासुनारी यांच्या ‘युकिगुनी’ या कादंबरीचा नायक त्याच बोगद्यातून बर्फाच्या मुलखात शिरतो, त्यामुळे जपानी वाचकासाठी हा बोगदा स्थापत्याचा जितका, तितकाच वाङ्मयाचाही भाग झाला आहे. प्रवासी युझावाहून पुढे तोकामाची या विणकरांच्या गावी गेला होता. तिथल्या एका गल्लीत छपराच्या कडेला हातभर लांबीच्या गोठलेल्या पागोळ्या लोंबत होत्या आणि त्यांतून सकाळचे ऊन आरपार जात होते. तो खाली उभा राहून कॅमेरा वर करून छायाचित्र टिपतो न टिपतो तोच छपरावरून एका म्हाताऱ्या माणसाने ‘आबुनाइ!’ असे जोरात ओरडून त्याला हुसकले. ‘आबुनाइ’ म्हणजे धोका आहे, सांभाळा. तीन आठवड्यांत त्याच्याशी कोणी चढ्या आवाजात बोलले असेल तर ते एवढेच, आणि जपानी सौजन्याला पडलेला हा एकमेव तडा म्हणून त्याने तो प्रसंग सांगितला.

सेन्सेइंनी छायाचित्र हातात घेतले आणि बराच वेळ त्या पागोळ्यांकडे पाहिलेच नाही. त्यांचे बोट फिरत होते ते कडेकडेने. भिंतीला टेकलेली शिडी वरच्या टोकाला बांधलेली होती, म्हणजे माणूस अनुभवी होता. त्याच्या कमरेला मात्र दोर नव्हता. तळमजल्याच्या खिडक्यांबाहेर खांबांच्या खाचांत आडव्या फळ्या सरकवून भिंत केलेली होती. याला ‘युकिगाकोइ’ म्हणतात आणि साचलेल्या बर्फाच्या दाबाने काच फुटू नये म्हणून ती शरद संपता संपता बसवतात. कोकणात आगोटीच्या दिवसांत पडवीला झावळ्यांचे झाप लावतात तसाच हा प्रकार आहे, पण झापाआडून थोडा उजेड येतो आणि फळ्यांआडून येत नाही, त्यामुळे खालच्या खोल्यांत वसंतापर्यंत दिवसाही दिवा लावावा लागतो. दाराशी पत्र्याचे रुंद, टोपलीच्या आकाराचे, लांब मुठीचे एक अवजार उभे होते. त्याला ‘स्नो डम्प’ म्हणतात. ते बर्फात खुपसायचे, भरले की उचलायचे नाही, ढकलत न्यायचे आणि नाल्यात उलटे करायचे. त्याच्या हलक्या प्लॅस्टिकच्या जातीला तिकडे ‘मामासान डम्प’ म्हणजे ‘आईचा डम्प’ असे नाव पडले आहे, कारण तो घरातल्या बाईलाही सहज ढकलता येतो, आणि पुरुष शहरात कामाला गेल्यावर अंगण मोकळे करायचे काम तिच्यावरच येते. अंगणातला बर्फ कोण काढतो याचे उत्तर या एका नावात आहे, आणि ते पर्यटनाच्या पुस्तिकेत सापडत नाही.

“आता त्या माणसाच्या ओरडण्याकडे वळू,” सेन्सेइ म्हणाल्या. छपरावरचा बर्फ खाली लोटण्याच्या कामाला ‘युकिओरोशी’ म्हणतात. ताजा बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १५० किलो भरतो, पण दबून बसलेला बर्फ ३०० किलोंच्या पुढे जातो आणि वितळू लागलेला दाणेदार बर्फ ५०० किलोंच्या आसपास असतो. दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद छपरावर मीटरभर दबलेला बर्फ म्हणजे साध्या हिशेबाने २४ टन होतात. लाकडी घर हे वजन फार दिवस पेलत नाही, म्हणून जोराच्या हिवाळ्यात तीनचार वेळा वर चढावे लागते. छपराच्या कडेवरची लादी सुटली की ती पागोळ्यांसकट एकदम येते आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला पुरून टाकते. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानभर बर्फाने १५२ माणसे दगावली. त्यांतली बहुतेक हिमवादळात वाट चुकून नव्हे, तर आपापल्या घराचा बर्फ काढताना गेली, आणि त्यांत साठीपुढची माणसे सर्वाधिक होती. “तो माणूस उद्धट नव्हता. दहा मिनिटांचा उशीर झाला असता तर तुमच्या मृत्यूची नोंद त्याच्या छपराखाली झाली असती. तुम्ही ज्याला देखावा म्हणता ते त्याचे त्या सकाळचे काम होते आणि तुम्ही कामाच्या जागेत शिरला होतात.”

इथे सेन्सेइंचे पारडे उघडच जड आहे, आणि त्यांच्या बाजूला एक जुना साक्षीदारही आहे. आजच्या मिनामिउओनुमा शहरात मोडणाऱ्या शिओझावा या पेठेत सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याने आपल्या मुलखातील बर्फाविषयी ‘होकुएत्सु सेप्पु’ हा ग्रंथ लिहिला. तो छापला जावा म्हणून त्याने एदोतील, म्हणजे आजच्या तोक्योतील, लेखकांचे उंबरठे जवळजवळ चाळीस वर्षे झिजवले आणि १८३७ साली त्याचा पहिला भाग निघाला, तेव्हा राजधानीत तो हातोहात खपला. उबदार प्रांतांतले लोक बोटभर बर्फ पडला की मद्य घेऊन आणि कविता करून आनंद मानतात, एचिगोत, म्हणजे आजच्या निइगाता प्रांतात, मात्र तोच बर्फ वर्षातले कित्येक महिने माणसाला घरात गाडून ठेवतो, ही तक्रार बोकुशीने ग्रंथाच्या आरंभाकडेच नोंदवलेली आहे. प्रवासी आणि सेन्सेइ यांच्यातले भांडण जवळपास दोनशे वर्षांपूर्वी जपानी माणसांनी आपापसात करून ठेवलेले होते, हे यावरून दिसते. त्यात परदेशी माणसाने नवीन काही आणलेले नाही. त्याने फक्त एदोकरांच्या बाकावर जागा घेतली आहे.

प्रवाशाने बोकुशीलाच आपल्या बाजूने उभे करायचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न वाटतो तितका पोकळ नाही. त्याच ग्रंथात हिमकणांच्या आकृत्या आहेत, आणि ओझ्याखाली दबलेला माणूस हिमकणाचे सहा हात निरखीत बसत नाही. शिवाय बोकुशी ज्या कापडाचा व्यापार करी ते ‘एचिगो चिजिमी’ नावाचे, पीळदार धाग्याचे, अंगाला न चिकटणारे उन्हाळी कापड बर्फावाचून होतच नाही: धागा कोरड्या हवेत तुटतो म्हणून विणकाम हिवाळ्याच्या दमट घरात चालते, आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात विणलेली पट्टी बर्फावर पसरली की ती उजळते. या ‘युकिसाराशी’साठी म्हणजे हिमशुभ्रनासाठी प्रसिद्ध असलेली ओजियाची चिजिमी आणि एचिगोचे जोफु हे कापड २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले. कानाझावा येथील केन्रोकुएन उद्यानात दर वर्षी १ नोव्हेंबरपासून पाइन वृक्षांच्या शेंड्याजवळून शेकडो दोर खाली सोडून फांद्या तोलून धरतात, कारण ओला बर्फ फांदी मोडतो. हे दोरांचे तंबू मुळात बचावाचे साधन आहेत, पण स्थानिक लोक ते पाहायला कुटुंबासह जातात. “बर्फ म्हणजे निव्वळ ओझे असते, तर त्या दोरांचा घेर इतका सारखा कोणी राखला असता? कष्ट करणाऱ्यालाही डोळे असतात, सेन्सेइ. देखावा पाहण्याचा अधिकार फक्त त्यालाच आहे असे म्हणाल, तर निदान तो पाहतो हे तरी मान्य करा.”

हे त्यांनी मान्य केले. मात्र बर्फाशी लढण्याचे जे मार्ग दिसायला सुंदर नाहीत त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे, असे त्यांनी सुचवले. निइगाता प्रांतातील नागाओका शहर आणि त्याच्या परिसरातल्या रस्त्यांच्या मधोमध बारीक नळ्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून १३-१४ अंशांचे भूजल कारंज्यासारखे उडून बर्फ वितळवते. हा उपाय १९६० च्या दशकाच्या आरंभी नागाओकात निघाला आणि युकिगुनीत सर्वत्र पसरला. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबूस-तपकिरी झाले, बूट भिजू लागले, आणि भूजल इतके उपसले गेले की काही ठिकाणी जमीन खचू लागली. प्रवाशाच्या छायाचित्रांत एकही तांबडा रस्ता नव्हता. तो आठवडाभर त्या रस्त्यांवरून चालला होता, तरीही नव्हता.

एकट्या प्रवाशाच्या परंपरेचा प्रश्न त्यानंतर निघाला, आणि प्रवाशाने अपेक्षेप्रमाणे हायकू कवी बाशोचे नाव घेतले. हा दाखला त्याने काढायला नको होता. १६८९ साली उत्तरेच्या ज्या यात्रेने बाशो अजरामर झाला ती त्याने वसंत सरताना सुरू केली, शरदात संपवली, आणि सोरा नावाचा शिष्य तिच्यात बहुतेक वाटेवर बरोबर होता. म्हणजे ती हिवाळ्यातलीही नव्हती आणि एकट्याचीही नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्सुगारु आणि आकिता भागांत हिंडलेला सुगाए मासुमी हा या बाबतीत अधिक उपयोगी दाखला आहे, परंतु तोही बर्फ पडला की एखाद्या घरी मुक्काम ठोकी आणि तिथल्या चालीरीती लिहून काढी. युकिगुनीतला हिवाळा हा बसण्याचा ऋतू होता. शेतकरी पीक घरात आल्यावर उष्ण झऱ्यांच्या गावी जात, सोबत तांदूळ आणि खारवलेल्या भाज्या नेत, स्वतः रांधत आणि आठवडे दोन आठवडे अंग शेकीत. या ‘तोजी’ म्हणजे स्नानोपचाराच्या मुक्कामात शेजारीपाजारी, सुना आणि सासवा असा सगळा गोतावळा असे. बोगद्यांनी आणि विशेषतः १९८२ साली सुरू झालेल्या जोएत्सु शिंकान्सेनने हे चित्र पालटले. हिवाळ्यातला एकट्याचा वेगवान प्रवास ही जपानची प्राचीन रीत नसून रेल्वेच्या इंजिनिअरांनी घडवलेली अलीकडची गोष्ट आहे, हा सेन्सेइंचा मुद्दा इतिहासाला धरून आहे.

या जुन्या रीतीचा अवशेष प्रवाशाला अनपेक्षित जागी भेटला होता. जेवणासह मुक्कामाचे पारंपरिक अतिथिगृह, ज्याला ‘र्योकान’ म्हणतात, ते एकट्या माणसाला खोली द्यायला कुरकुरते. दोन ठिकाणी त्याला नकार मिळाला आणि एका ठिकाणी दोघांच्या जवळपास दर द्यावा लागला. एका बोटावर भागणाऱ्या देशात हा भेदभाव कसा, असे त्याने रागाने विचारले. सेन्सेइंचे उत्तर सरळ होते: र्योकानचा दर खोलीमागे नसून डोईमागे असतो, खोली मात्र दोघाचौघांच्या मापाची असते, आणि जेवणाच्या डझनभर लहान वाट्या एकासाठीही तितक्याच वेळा वर-खाली न्याव्या लागतात. शाकाहारी पाहुणा असेल तर अडचण दुप्पट होते, कारण वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कापांचा अर्क, ‘दाशी’, हा आमटीपासून उकडलेल्या पालकापर्यंत सगळ्यांत असतो आणि तो मासा आहे असे स्वयंपाक्याला वाटतच नाही. प्रवाशाने दाशीपुढे दुसऱ्याच दिवशी हात टेकले होते, हे त्याने जाता जाता कबूल केले.

आओमोरीच्या दक्षिणेला हाक्कोदा पर्वतात सुमारे ९०० मीटर उंचीवर सुकायु नावाचे उष्ण झऱ्याचे ठिकाण आहे; फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथे ५६६ सेंटीमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. हिबा लाकडाच्या प्रचंड न्हाणीघरातल्या आंबट, गंधकाच्या वासाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बाहेरचे वादळ ऐकण्याचे वर्णन प्रवाशाने इतके रंगवून केले की सेन्सेइंनाही क्षणभर आपला पक्ष सोडावासा वाटला असावा. त्यांनी सोडला नाही. जानेवारी १९०२ मध्ये आओमोरीच्या पायदळाची २१० जणांची तुकडी याच पर्वतात हिवाळी सरावासाठी निघाली होती, आणि तिला गाठायचे होते तेही ताशिरो नावाचे उष्ण झऱ्याचे ठिकाणच होते, अंतर जेमतेम २० किलोमीटरांचे. वादळात वाट हरवली आणि १९९ जण मेले. त्या दोनशे जणांना एकमेकांची सोबत होती, तरी ती कामी आली नाही. एकटा प्रवासी मात्र त्याच पर्वतात बसने सुखरूप पोहोचला, कारण पहाटे चार वाजता कोणीतरी नांगरगाडी घेऊन रस्ता मोकळा केला होता. प्रवाशाने यावर एवढेच म्हटले की बसच्या पुढे ती गाडी चालत होती आणि तिचा पिवळा दिवा त्याने पाहिला होता. “पाहिलात ना? मग फोटो का नाही काढलात?” या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते, पुढच्या काचेवर बर्फ होता, असे काहीसे तो म्हणाला.

वादाचा निकाल लागला नाही. प्रवाशाला पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जायचे आहे. सेन्सेइंनी त्याला एप्रिलमध्ये जायला सुचवले, जेव्हा तोक्योत चेरी झडून गेलेली असते आणि तोकामाचीत घरांच्या उत्तर बाजूला काळपट बर्फाचे ढीग अजून उभे असतात, त्यांतून हरवलेले हातमोजे, बाटल्या आणि मोडक्या छत्र्या वर येतात, आणि लोक खिडक्यांसमोरच्या फळ्या काढून भिंतीला वाळत टाकतात. त्या महिन्यात तिकडे पाहण्यासारखे काय असते, असे त्याने विचारले. बर्फाखाली काय होते ते असते, असे त्या म्हणाल्या. प्रवाशाने तोकामाचीचे छायाचित्र परत घेतले, बोटांनी ताणून मोठे केले, पागोळ्यांवरून खाली सरकून खिडकीपाशी आणले आणि फळ्या मोजल्या. सात होत्या, आणि सर्वांत वरची अजून बसवायची राहिली होती.